दृष्ट, कोप आणि कृपादृष्टी

ताई, प्रभूमध्ये सलाम.

तुमचा प्रश्न मी काल रात्री वाचला आणि आज सकाळी मिस्सेहून (चर्चमधल्या उपासनेहून) आल्यावर पुन्हा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही दोघं मूळची मिरजेकडची, बारा वर्षं गोव्यात, वास्कोला. यजमान बंदरात एका ठेकेदाराकडे फिटर होते. ठेका संपला, आठ महिने झाले, हाताला कायमचं काम नाही. मुलगी दहावीला. तुम्ही दर बुधवारी प्रार्थनासभेला जाता. गेल्या महिन्यात तिथे एक बाई साक्ष द्यायला उभी राहिली. पोर्तुगीज पासपोर्ट झाला, मुलगा परदेशात कामाला लागला, आता जुनं घर उतरवून नवं बांधणार, प्रभूची आमच्यावर विशेष कृपा आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमचे हात मांडीवरून उठले नाहीत. घरी येताना एकीने सांगितलं, ‘तुमच्या घरात कुठलंतरी पाप लपलेलं असणार, शोधून काढा.’ दुसरीने एका प्रचारकाचा नंबर दिला. तो म्हणे पाच हजारांचं ‘बी’ पेरायला लावतो, मग कृपेचं पीक येतं. आणि तुम्ही विचारलंय: देवाची कृपा आपल्यावर आहे हे रोजच्या जगण्यात ओळखायचं कशावरून? पाप शोधत बसायचं का? सभेला जाणं बंद करू का?

माझ्याबद्दल दोन वाक्यं. माहेर नगरचं, प्रोटेस्टंट. सासर वास्कोचं, कॅथलिक. एकतीस वर्षं नर्स होते, आणि गेली बावीस वर्षं लोकांच्या प्रार्थनेच्या वाटेवर सोबत करते. म्हणजे मुख्यतः शेजारी बसून ऐकते. खाली लिहिते ते त्या ऐकण्यातून आलेलं आहे. तुमचं घर मी पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हाला लागू पडतील, काही पडणार नाहीत. तुमची झोप कशी आहे, कर्ज किती आहे, यजमान घरात बोलतात की गप्प झालेत, यावर पुष्कळ अवलंबून आहे. त्याकडे शेवटी येते.

तुम्ही खुणा विचारल्यात, पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे असं मला वाटतं: प्रभू माझ्यावर रागावलाय का? खुणा सांगून त्याचं उत्तर मिळत नाही. उद्या मी दहा खुणा लिहून दिल्या तर तुम्ही रात्री त्या मोजत बसाल, आणि सात निघाल्या तर उरलेल्या तिनांसाठी रडाल.

आपण मराठी माणसं दोन शब्दांवर वाढलोय, पावणं आणि कोपणं. मनासारखं झालं की देव पावला, नाही झालं की कोपला. ख्रिस्ती घरात जन्मलो तरी हे शब्द कानातून जात नाहीत. दरवर्षी 24 नोव्हेंबरला जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचे (संत फ्रान्सिस झेवियर यांचे) नव्हेनाचे, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे, दिवस सुरू होतात, 3 डिसेंबरला फेस्त. सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन येतात, नवस बोलतात. त्या श्रद्धेचा मला आदर आहे. मी स्वतःही रांगेत उभी राहिले आहे. पण नवसाचा हिशेब मनात मुरला की कृपा मजुरीसारखी वाटू लागते: मी दिलं, त्याने दिलं. मग काही आलं नाही की एकच अर्थ उरतो, कोप झाला. त्यात शेजारपाजारचे आहेतच, ‘कुणाची तरी दिष्ट लागली.’ मीठ-मिरची ओवाळून दिष्ट काढणं आपल्या गोव्यात किती ख्रिस्ती घरांत चालतं, ते तुम्हीही पाहिलं असेल.

आता गंमत नाही, अगदी मनापासून सांगते. दृष्ट आणि कृपादृष्टी हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. दोन्हीत कुणीतरी आपल्याकडे पाहतंय. तुम्हाला वाटतंय की तुमच्या घरावर एक वाईट डोळा आहे, नाहीतर एक रागावलेला डोळा आहे. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्येही, कृपेची गोष्ट डोळ्यांचीच आहे. जुन्या करारातल्या हिब्रू भाषेत एखाद्यावर कृपा झाली हे सांगताना तो अमक्याच्या ‘डोळ्यांत कृपा पावला’ असं म्हणतात. नोहाबद्दल तसं म्हटलंय, मोशेबद्दल, रूथबद्दल. म्हणून आपला ‘कृपादृष्टी’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. हातात काय पडलं हे नंतरचं. आधी नजर.

हागारेची गोष्ट काढून वाचा, बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात. मिसरी दासी, पोटुशी, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली. झऱ्याजवळ देवदूत तिला भेटतो आणि पहिल्यांदा तिला नावाने हाक मारून विचारतो, तू कुठून आलीस, कुठे चाललीस? त्या घरात तिला नावाने कुणी हाक मारल्याचं गोष्टीत दिसत नाही. साराय आणि अब्राम तिला ‘दासी’च म्हणतात. तिची परिस्थिती त्या दिवशी बदलत नाही. उलट परत त्याच घरी जा म्हणून तिला सांगितलं जातं. तरी ती देवाला नाव देते: मला पाहणारा देव. बायबलमध्ये देवाला असं नाव ठेवणारी ती पहिली व्यक्ती आहे, आणि ती बाहेरची, परक्या देशाची बाई आहे.

बाहेरची म्हटल्यावर तुमची एक ओळ आठवली. तुम्ही लिहिलंय की कोंकणी लादाईन (सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना) ओठांवर बसत नाही, प्रार्थना मराठीतच येते, त्यामुळे इथल्या देवळात (चर्चमध्ये) पाहुण्यासारखं वाटतं. ताई, 1616 साली राशोलच्या छापखान्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, रोमन लिपीत पण मराठी ओव्यांत. इंग्लंडचा माणूस, 1579 साली गोव्यात आला आणि इथेच देह ठेवला. प्रभूचा जन्म, दुःखसहन, पुनरुत्थान हे त्याने इथल्या लोकांना मराठीत सांगितलं. मराठीतली प्रार्थना या मातीत चारशे वर्षांहून जुनी आहे. तुम्ही पाहुण्या नाही.

मग रागावलेला डोळा नाही, कृपेची नजर आहे, हे कसं कळायचं? इथे मला योसेफाजवळ थोडं थांबावंसं वाटतं, कारण तुमच्यासारख्या अवस्थेतल्या माणसांना मी बहुतेक वेळा हीच गोष्ट वाचायला देते. उत्पत्तीचा एकोणचाळिसावा अध्याय. भावांनी विकला, मालकाच्या बायकोने खोटा आळ घेतला, बंदिशाळेत पडला. आणि नेमकं तिथे लिहिलंय की परमेश्वर त्याच्याबरोबर होता आणि बंदिशाळेच्या अधिकाऱ्याची त्याच्यावर कृपादृष्टी होईल असं त्याने केलं. मी पहिल्यांदा हे लक्ष देऊन वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते. कृपा झाली, आणि दार उघडलं नाही! पुढे प्यालेबरदाराच्या (राजाला द्राक्षारस देणाऱ्या सेवकाच्या) स्वप्नाचा अर्थ सांगून त्याला सोडवणुकीची आशा लागते, तो माणूस सुटतो आणि योसेफाला विसरतो. त्यानंतर आणखी दोन वर्षं तुरुंग. या दोन वर्षांत योसेफावर कृपा नव्हती असं शास्त्र म्हणत नाही.

त्या अध्यायात कृपा आली कशी तेही पाहा. आकाशातून आवाज आला नाही. एका तुरुंगाधिकाऱ्याच्या डोळ्यांत ती आली. माणसाच्या नजरेतून. तुमच्या बाबतीतही मी आधी तिथेच पाहीन. आठ महिन्यांत तुमच्याकडे कुणी कसं पाहिलं?

आपल्या गोव्यातला एक योसेफही असाच आहे. सांत जुझे वाझ, 1651 साली बाणावलीला जन्मलेले. 1687 मध्ये मजुराच्या वेषात सिलोनला गेले, कारण डच सत्तेखाली कॅथलिक धर्मगुरूंना तिथे बंदी होती. कँडीला पोचले तर पोर्तुगीजांचे हेर समजून कैदेत टाकले. त्या कैदेत ते सिंहली शिकले. पुढे कँडीत देवीची साथ आली, घरचे लोक रोग्यांना टाकून पळत होते, तेव्हा हे त्यांची सेवा करत राहिले. 14 जानेवारी 2015 ला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोला त्यांना संत घोषित केलं तेव्हा आमच्याकडे सगळे टीव्हीपुढे बसले होते. पण मला ते कैदेतलेच जास्त आठवतात. दार बंद असताना समोरच्या पहारेकऱ्याची भाषा शिकणारा माणूस. देव आपल्याकडे पाहतोय याची खात्री असल्याखेरीज हे जमत नाही.

आता स्वतःचं सांगते, कारण साक्ष देणाऱ्या त्या बाईला दोष देण्याआधी मला माझं सांगायलाच हवं. 2009 च्या जुलैत मीही अशीच उभी राहिले होते. माझ्या मुलाला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला होता. पाऊस पत्र्यावर इतका कोसळत होता की मला आवाज चढवून बोलावं लागत होतं. ‘प्रभूची आमच्या घरावर कृपादृष्टी आहे’, हेच शब्द. तिसऱ्या बाकावर बायण्याची एक बाई बसली होती. तिचा मुलगा माझ्या मुलाच्याच वयाचा, स्कूटरच्या अपघातात गेला त्याला बाराच दिवस झाले होते. मला ते ठाऊक होतं. बोलण्याच्या भरात विसरले. ती मान खाली घालून छत्रीच्या पट्टीचं बटण लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली. आवाजात राग नव्हता. एवढंच विचारलं, ‘बाय, मग आमच्या घरावर नव्हती काय?’

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेजेचा डबा घेऊन तिच्या घरी गेले. बोलायला काही सुचेना म्हणून मोरीतली भांडी घासली. मग जातच राहिले. वर्षाच्या मिस्सेनंतर तिने मला सांगितलं ते मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं असेल, तिच्या परवानगीने. त्या दिवसांत नळाला पहाटे पाचला पाणी यायचं आणि तिला उठवत नव्हतं. शेजारणीशी दोन वर्षांचा अबोला होता, कुंपणावरून भांडण झालेलं. रोज सकाळी दारातली दोन पिंपं भरलेली असायची. तिला वाटायचं, बहीण भरते. एका पहाटे झोप लागेना म्हणून खिडकीत उभी राहिली तर ती शेजारीण, डोक्याला टॉवेल गुंडाळून, पाइप धरून उभी. पिंप भरलं, झाकण ठेवलं, झाकणावर दगड ठेवला, गेली. दार वाजवलं नाही. ‘तेव्हा मला वाटलं,’ ती म्हणाली, ‘देव माझ्या घराकडे बघतोय.’

मुलगा परत आला नाही. तिचं दुःख आजही आहे. पण त्या पहाटेपासून तिच्यात जे झालं त्यावरून मी कृपा ओळखायला शिकले. ती शेजारणीशी बोलायला लागली. महिन्याभराने, ज्या टेम्पोवाल्याची गाडी धडकली होती त्याच्या आईला भेटायला गेली. मी तर तिला तसं कधी सुचवलंही नसतं.

तेव्हापासून कुणी मला विचारतं की ही कृपा आहे की नुसता योगायोग, तेव्हा मी घटनेपेक्षा घटनेनंतरचं माणूस पाहते. मन इतरांकडे वळलं का, की स्वतःभोवती अजून घट्ट मिटलं? खरं बोलणं, देणं चुकतं करणं, माफी मागणं सोपं झालं का? लोयोलाच्या संत इग्नेशियसने, आपल्या फ्रान्सिस झेवियरच्या गुरूने, याबद्दल फार बारकाईने लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं, मनात येणाऱ्या आनंदाची सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही तपासा. सुरुवात गोड असेल आणि शेवटी मन अस्वस्थ, उद्दाम किंवा कोरडं होत असेल, तर तो आनंद देवाकडचा समजू नका. उलट काही गोष्टी सुरुवातीला कडू लागतात आणि शेवटी शांती ठेवून जातात. गलतीकरांच्या पत्रातली आत्म्याची फळं, प्रेम, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढची, तीही याच कामाला येतात. फळ लगेच लागत नाही. म्हणून घाईने निकाल देऊ नये, स्वतःबद्दलही नाही आणि त्या साक्ष देणाऱ्या बाईबद्दलही नाही.

तिच्या पासपोर्टबद्दल एवढंच. ते देणं आहे, तिने आभार मानले ते योग्यच. पण 1961 पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राज्यात, ज्यांचे आईबाप, आजीआजोबा गोव्यात जन्मले त्यांना पोर्तुगालचा कायदा तो मार्ग देतो. मिरजेच्या माणसाला देत नाही. तुमच्याकडे पासपोर्ट नाही यात कृपा कमी पडण्याचा संबंधच येत नाही. देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगवतो हे प्रभूनेच सांगितलंय. आणि मनात जी जळजळ झाली तिची लाज बाळगू नका. त्र्याहत्तरावं स्तोत्र वाचा. भरभराट झालेल्यांना पाहून आपला पाय कसा घसरायला आला होता, ते आसाफ तिथे देवापुढेच कबूल करतो.

पापाचं. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं होतं, कुणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणाला, दोघांनीही नाही. त्या कुजबुजणाऱ्या बाईला हे उत्तर पुरेसं आहे. तरी माझ्या सोबतीच्या कामातली एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. पवित्र आत्मा जेव्हा खरंच पाप दाखवतो तेव्हा नेमकं बोट ठेवतो. सासूबाई वारल्या तेव्हा त्यांच्या दोन बांगड्या नणंदेच्या वाट्याच्या होत्या. मी त्या कपाटात मागे सारून ठेवल्या आणि तीन वर्षं गप्प राहिले. एके दिवशी प्रार्थनेला बसले की त्या बांगड्या डोळ्यांपुढे यायच्या. कुठलं कपाट, कुठला कप्पा, कुणाच्या. नेऊन दिल्या, नणंदेपुढे रडले, आणि मन मोकळं झालं. आत्म्याचं दाखवणं असं असतं. कुठे, काय, कुणाचं, आणि पुढचा रस्ता, चारही सांगतं. याउलट ‘काहीतरी असणार, कुठेतरी असणार’ असं जे तुम्हाला रात्रभर उकरायला लावतं आणि सकाळी अजून हताश करून सोडतं, ते आत्म्याचं काम नव्हे. नेमकं काही दिसलं तर कबुली द्या, दुरुस्त करा. नाही दिसलं तर शोधू नका.

पैशाचं तर अगदी स्पष्ट सांगते: ते पाच हजार देऊ नका. शोमरोनात शिमोन नावाच्या जादूगाराने पैसे देऊन देवाचं दान मिळवू पाहिलं तेव्हा पेत्राने त्याला काय सुनावलं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आहे. नव्या करारात कृपा म्हणजे फुकट दिलेलं दान. ज्या घरात आठ महिने पगार नाही त्या घराकडून जो कृपेच्या नावाने पैसे काढतो, तो पाप करतो. मुलीची परीक्षा फी भरा, वीजबिल भरा, तेही प्रभूच्या नावानेच होतं.

इथवरचं थोडक्यात: कृपा म्हणजे आधी नजर, मग वस्तू. ती बहुधा माणसांच्या डोळ्यांतून येते. आणि ती ओळखायची ती आपल्यात नंतर काय उगवतं त्यावरून.

आता रोज काय करायचं ते. संध्याकाळी, तेर्स (जपमाळेची प्रार्थना) होत असेल तर त्यानंतर, दहा मिनिटं बसा. इग्नेशियसची जी दिवसाकडे वळून पाहण्याची पद्धत आहे तिची पहिली पायरी आभाराची आहे, पापाची नाही. बहुतेक लोक इथेच चुकतात. बसल्या बसल्या स्वतःला झोडायला लागतात, आणि दोन दिवसांत वही बंद होते. आधी दिवस सकाळपासून डोळ्यांपुढून जाऊ द्या आणि कुठे कुणी तुमच्याकडे मायेने पाहिलं ते शोधा. एकच ओळ लिहा. ‘आज दिवस बरा गेला’ असं लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईच्या वहीतल्या ओळी सांगते: ‘पोदेर (पाववाला) म्हणाला, पावाचे पैसे महिनाअखेरीला दे.’ ‘कदंबा बसच्या कंडक्टरने माझ्या मांडीवरची पिशवी स्वतः वर ठेवली.’ ‘मुलीने न सांगता तांदूळ निवडले.’ पहिले सहा दिवस तिला काही सापडत नव्हतं, पानं कोरी. सातव्या दिवशी पोदेर सापडला. तो आधीही उधार देतच होता. तिला दिसला नव्हता.

मग दुसरी ओळ: आज मी कुणाकडे तसं पाहिलं? ही ओळ गाळू नका. ज्याच्या घरी काम नाही त्याला आपण फक्त घेणारे झालो असं वाटायला लागतं, आणि ते मनाला पोखरतं. यजमानांकडे तुम्ही या आठ महिन्यांत कशा नजरेने पाहिलं, हेही त्या ओळीत एखाद दिवशी येऊ द्या. घरी बसलेल्या पुरुषाला बायकोची नजर किती लागते ते मी वॉर्डातही पाहिलंय आणि घरातही.

तिसरं, तोंडाने बोला. आपल्या गोव्यात आभार मानायला ‘देव बरें करूं’ म्हणतात. रोज शंभरदा कानावर पडतं म्हणून आपण ते ऐकेनासे झालोय. कोळीण सुट्टे पैसे परत देते, देव बरें करूं. रिक्षावाला थांबतो, देव बरें करूं. शब्द तर बघा, देवाने तुझं भलं करावं! दहा कुष्ठरोगी बरे झाले, सगळ्यांना देणगी एकसारखीच मिळाली. वळून आला तो एक, आणि तोही शोमरोनी, बाहेरचा. बाकीचे नऊ बरे झाले नव्हते असं नाही. त्यांना कुणी बरं केलं ते त्यांनी वळून पाहिलं नाही. लादाईन ओठांवर बसत नसेल तर राहू द्या, पण हे तीन शब्द कोंकणीतच, अर्थ मनात धरून म्हणा.

हे सगळं कधी चालत नाही तेही सांगते. झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठायचीच इच्छा नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. बांबोळीला सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे. मी नर्स म्हणून सांगते, नैराश्यात माणसाला कृपा दिसत नाही. तो विश्वासाचा दोष नव्हे, तो आजार आहे. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. यजमानांच्या बाबतीतही हे लक्षात ठेवा. पुरुष बोलत नाहीत.

राहिला सभेचा प्रश्न. इग्नेशियसचा एक नियम मी बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आले: मन अंधारात असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. तुम्ही सभेला जायचं ठरवलंत तेव्हा मन उजेडात होतं. म्हणून अजून तीन महिने तरी जा. नंतर पटलं नाही तर बदला, पण तेव्हा शांत मनाने. मागच्या बाकावर बसा. टाळ्या येत नसतील तर हात मांडीवर राहू द्या, देव टाळ्या मोजत नाही. त्या कानात बोलणाऱ्या बाईपासून थोडं लांब बसलात तरी चालेल. आणि बाकांवर एक नजर फिरवा, छत्रीच्या पट्टीशी चाळा करत कुणी बसलंय का.

कधीतरी तुम्हालाही साक्ष द्यायला उठवतील. वहीतली एक ओळ वाचा आणि खाली बसा. ‘पोदेराने हिशेब महिनाअखेरीपर्यंत थांबवला.’ सभेत क्षणभर कुणी काही बोलणार नाही कदाचित. पण त्या गर्दीत एखादी बाई असेल जिच्या घरी पोदेराची उधारी थकलेली आहे, आणि ती मान वर करून तुमच्याकडे बघेल.